प्रश्नचिन्हाची जागा

उजव्या कोपऱ्यात, घंटेच्या शेजारी
एक प्रश्नचिन्ह बसवायचं ठरलं.
आग्नेल म्हणाला, दोन ओळींचं काम.
त्याच्या दोन ओळी.
त्यावर बोट ठेवल्यावर जे उघडेल
ते सगळं माझ्याकडे.

डिचोलीच्या बाजारात बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस.
तिसऱ्या प्रहरी भट्टी पेटली
की पायाखालच्या लाद्या तापतात.
खुर्चीवर मांडी घालून मी पहिलं पान लिहिलं:
‘यशस्वीरीत्या प्रवेश केल्यानंतर वापरकर्त्याने
संबंधित पर्यायाची निवड करावी.’
वाचून दाखवलं. आग्नेल म्हणाला, छान.
आग्नेलला मराठी येतं
दुकानाच्या पाट्यांपुरतं.

मग उमावती माजिक यांचा फोन.
पिसुर्ल्याची शाळा, दोन खोल्या, चार वर्ग,
एक संगणक, त्यावर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर खाणीची तांबडी धूळ
खाण बंद असली तरी.
‘बाय, गुण भरले आणि पान पांढरें जालें.
हांवें कितें मोडलें?’

काही मोडलं नव्हतं. नेट गेलं होतं.
पण त्या आवाजात
बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेली एक बाई
हातातला खडू मागे लपवत होती.

पहिलं पान मी पुसलं.
नव्याच्या वर लिहिलं: तुम्ही काही मोडलेलं नाही.
आग्नेल म्हणाला, ही काय मदत झाली?
मी म्हटलं, राहू दे.

मदत आतच हवी, हेही तेव्हा कळलं.
बाहेर कुठेतरी ठेवून तिकडे बोट दाखवलं,
तर पिसुर्ल्यात बाईंना टेकाडावर चढावं लागतं,
सरपंचाच्या काजूपर्यंत,
तिथे दोन काड्या येतात, कधी तीन.
म्हणून प्रत्येक पान त्या पडद्याच्याच पोटात घातलं,
नेट नसताना उघडेल असं.
हजेरीच्या पानात हजेरीची मदत,
गुणांच्या पानात गुणांची,
वीज गेली तर काय, तेवढं मात्र
मला लिहिता आलं नाही.

एकोणिसाव्या पानाशी अडलो.
‘विद्यार्थ्याचे नाव काढून टाकणे.’
उमावतीबाईंनी विचारलं,
हें दामलें तर तो खंय वता?
कोण?
बसवराज तळवार, तिसरी. बापूस ट्रकार आशिल्लो.
ट्रक विकले, ते हुबळीकडे गेले.
मी समजावलं: नाव जातं, नावाखालची ओळ जाते.
‘जूनपासूनची हजेरी?’
तीही.
‘त्यान काडिल्लो डंपर? फोटो घाल्लो आसा न्हय?’
तोही.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
जाल्यार नाका.
परत येयत तो.

ह्याची मदत लिहिता येत नव्हती.
मदत लिहून झाकता येईल
असं ते बटणच नव्हतं.
मी तसं आग्नेलला सांगितलं, तो कुरकुरला,
शनिवारी दुपारी जेवायला घरी गेला नाही,
आणि संध्याकाळी नवं बटण आलं: ‘सध्या नाही’.
किती ओळी लागल्या, मी विचारलं नाही.
एकोणिसावं पान एका वाक्याचं झालं:
नाव राहतं, फक्त हजेरीच्या वेळी हाक मारली जात नाही.

पुढे फोन कमी झाले.
काम नीट झाल्याची ती खूण, असं साहेब म्हणाले.
साडेचार वाजले की मी उगाच
मोबाइल उलटा करून बघायचे.

मार्चात वाजला.
चूक सापडली आहे, त्या म्हणाल्या,
आता त्यांच्या आवाजात खडू पुढे होता.
‘मदतींत तुमी बरयलां “जतन करा”.
बटणार आसा “साठवा”.
एक किदें तें थारायात.’
मी म्हटलं, बाई, अर्थ एकच.
‘एक कसो?
साठयतात तीं सोलां.
भुरग्यांचे गूण कोण साठयता?’

मी मदतीचं पान तसंच ठेवलं.
आग्नेलला सांगितलं,
बटण बदल.